ट्रॅकवरचं एक मिनिट केवढ्याला पडतं?

न्यू जर्सी, बॉस्टन किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात राहणाऱ्या मराठी माणसाने हौसेने बीएमडब्ल्यू एम३ किंवा पोर्शे घेतली, की वर्षा-दोन वर्षांत कोणीतरी त्याला सांगतं, 'अरे, हायवेवर कसली चालवतोस, क्लबच्या ट्रॅक डेला ये.' सल्ला योग्यच आहे. वेग अनुभवायची सुरक्षित जागा म्हणजे बंद ट्रॅक, आणि शेजारच्या सीटवर शिकवणारा बसलेला असेल तर आणखी चांगलं. पण नाव नोंदवताना अर्जावर ठळक दिसते ती दिवसाची फी. तुम्हाला प्रत्यक्षात मिळणार असतात ती मिनिटं, आणि ती किती मिळणार हे अर्जावर क्वचितच लिहिलेलं असतं. दुपारी तीनच्या सुमारास पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, जे वाद ऐकू येतात, ते बहुतेक सगळे इथूनच सुरू होतात.

आधी फीबद्दल. पोर्शे क्लब ऑफ अमेरिका १९५५ सालचा, बीएमडब्ल्यू कार क्लब ऑफ अमेरिका १९६९चा. दोघांच्याही प्रादेशिक शाखा 'ड्रायव्हर एज्युकेशन'चे दिवस भरवतात. नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन ही १९९१ सालची संस्था असेच दिवस चार पायऱ्यांत घेते. या शर्यती नव्हेत. इथे वेळ मोजली जात नाही आणि बक्षीस नसतं. एका दिवसाची फी साधारण २५० ते ४५० डॉलर, नामांकित ट्रॅकवरचा शनिवार-रविवार ५०० ते ८०० डॉलर. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाने २०१५मध्ये 'ट्रॅक नाइट इन अमेरिका' सुरू केलं. ते आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी असतं, फी दीडशे-दोनशेच्या घरात, आणि प्रत्येक गटाला २० मिनिटांची तीन सत्रं. गाडीत इन्स्ट्रक्टर बसत नाही. ज्याला फक्त चव घ्यायची आहे त्याने तिथून सुरुवात करावी, असं मी निःसंकोच सांगेन.

आता मिनिटांचा हिशेब, कारण खरी गोम इथे आहे. समजा ट्रॅक सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच भाड्याने घेतला आहे आणि मधला एक तास जेवणाचा. उरली ४२० मिनिटं. आयोजकांनी चार गट पाडले : नवशिके, थोडे सरावलेले, मुरलेले आणि इन्स्ट्रक्टर. २५ मिनिटांचं सत्र आणि गाड्या आत-बाहेर व्हायला पाच मिनिटं धरली, तर दिवसात १४ सत्रं बसतात. चौदाला चाराने भाग जात नाही. म्हणजे दोन गटांना चार सत्रं मिळणार आणि दोन गटांना तीन. चौथं सत्र कोणाला, हा वाद वेळापत्रक कागदावर उतरतानाच तयार होतो. तेच सत्र २० मिनिटांचं केलं तर १६ सत्रं होतात, प्रत्येकाला चार, आणि भांडण मिटतं. पण २५ मिनिटांच्या चार सत्रांच्या आशेने आलेल्याच्या हातात १०० मिनिटांऐवजी ८०च पडतात. ट्रॅकचं भाडं भरून निघत नाही म्हणून क्लबने पाचवा गट घातला, तर सगळ्यांचीच मिनिटं घटतात. पैसे वाचवण्याचा हा मार्ग क्लबच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे. पण नोंदणी उघडल्यावर, पैसे घेतल्यावर गट वाढवणं मला मुळीच पटत नाही.

८० मिनिटांना ३६० डॉलर म्हणजे मिनिटाला साडेचार. तरी हाही खरा भाव नव्हे. प्रत्येक सत्राची पहिली फेरी टायर-ब्रेक तापवण्यात आणि शेवटची ते थंड करण्यात जाते. कनेटिकटचा लाइम रॉक पार्क जेमतेम दीड मैलाचा. फेरी मिनिटा-सव्वा मिनिटात होते, त्यामुळे या दोन फेऱ्यांत फार काही जात नाही. विस्कॉन्सिनचा रोड अमेरिका मात्र ४.०४८ मैलांचा. नवशिक्याला एक फेरी मारायला तीन-सव्वातीन मिनिटं लागतात. विसातली सहा-सात मिनिटं पहिल्या-शेवटच्या फेरीत गेली, की उरतात तेरा. चार सत्रांत ५२ मिनिटं, आणि भाव जवळजवळ सात डॉलर मिनिटाला. लांब, प्रसिद्ध ट्रॅकवर २० मिनिटांचं सत्र घेणाऱ्या क्लबपेक्षा तिथेच ३० मिनिटांची तीन सत्रं देणारा क्लब शिकणाऱ्याच्या फायद्याचा असतो. एकूण वेळ थोडी जास्त, आणि वाया जाणाऱ्या फेऱ्या कमी.

गर्दीही मोजा. ३० गाड्यांचा गट लाइम रॉकवर सोडला तर सरासरी दर ८० मीटरवर एक गाडी येते. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनच्या ३.४ मैलांवर तेच अंतर १८० मीटर होतं. या कार्यक्रमांत पुढच्याने खिडकीतून हात काढून बोट दाखवल्याशिवाय मागच्याने ओलांडायचं नसतं, आणि नवशिक्यांना तेही ठरावीक सरळ रस्त्यावरच. त्यामुळे एका संथ गाडीमागे आठ-दहा गाड्यांची रांग लागते आणि अख्खं सत्र कोणाच्या तरी बंपरकडे बघण्यात जातं. गटात जास्तीत जास्त किती गाड्या घेणार, हा प्रश्न फीइतकाच महत्त्वाचा आहे.

सगळ्यात कडवट वाद होतो तो बुडालेल्या वेळेवरून. कोणाच्या इंजिनाचं तेल सांडतं, कोणी वाळूत रुततं, सकाळी धुकं उतरत नाही. लाल किंवा काळा झेंडा दाखवून सगळ्यांना आत बोलावलं जातं. एखाद्याला रुग्णालयात न्यावं लागलं, तर ट्रॅकवरची रुग्णवाहिका परत येईपर्यंत किंवा तिच्या जागी दुसरी उभी राहीपर्यंत एकही गाडी सोडत नाहीत. ते योग्यच आहे. त्यावर हुज्जत घालणाऱ्याला ट्रॅकवर जागा नसावी. प्रश्न नंतरचा आहे : गेलेली चाळीस मिनिटं कोणाची? काही क्लब घड्याळाप्रमाणे पुढे जातात, म्हणजे ज्याच्या सत्रात अपघात झाला त्याचं सत्र गेलं. काही क्लब उरलेली सगळी सत्रं पाच-पाच मिनिटांनी आखडतात, म्हणजे तोटा सगळ्यांत वाटला जातो. दोन्ही पद्धती चालण्यासारख्या आहेत, अट एवढीच की ती सकाळच्या ड्रायव्हर्स मीटिंगमध्ये सर्वांसमोर सांगितली पाहिजे. तिसरी पद्धत मात्र चुकीची आहे. वेळ कमी पडली की नवशिक्यांचं शेवटचं सत्र रद्द करायचं, कारण ते तक्रार करत नाहीत. त्यांनी इतरांइतकीच फी भरलेली असते, आणि चुका सुधारण्याची खरी संधी त्यांना त्या शेवटच्या सत्रातच मिळणार असते. सकाळी भीतीने ताठरलेला हात दुपारी चारला कुठे सैल होतो. शिवाय नवशिक्यांच्या दिवसात वर्गातले तास असतातच. ते शिक्षण मोलाचं आहे, पण 'दिवसभरात तीन तास' असं सांगताना त्यात वर्गाचा तास मिसळला आहे का, हे विचारून घ्या.

इन्स्ट्रक्टरांच्या वेळेवरूनही कुरबुर असते. ते बहुतेक ठिकाणी फी भरत नाहीत किंवा थोडी भरतात, आणि स्वतःच्या गटात गाडी चालवतात. 'आम्ही पैसे मोजतो आणि हे फुकट फिरतात,' असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं : अनोळखी माणसाच्या गाडीत, त्याच्या हातात चाक आणि आपल्या हातात काहीच नसताना, ताशी शंभर मैलांनी वळणाकडे जाणं हे ते मानधनाशिवाय करतात. त्यांना इतर गटांइतकी सत्रं मिळाली तर त्यात अन्याय नाही. दुपारनंतर ट्रॅक 'मोकळा' ठेवून फक्त इन्स्ट्रक्टर आणि मुरलेले यांनाच त्यावर सोडलं, आणि नवशिक्यांना घरी पाठवलं, तर मात्र आयोजकांना विचारलंच पाहिजे. वेळापत्रकात क्रमही बघा. नवशिके आणि सरावलेले हे दोन गट पाठोपाठ असतील आणि तुमच्या इन्स्ट्रक्टरचे विद्यार्थी दोन्हींत असतील, तर तो एका गाडीतून उतरून धावत तुमच्या गाडीत येईपर्यंत तुमचं सत्र सुरू झालेलं असतं. दरवेळी तीन-चार मिनिटं अशी जातात. मधे दुसरा गट घातला की ही अडचण सुटते, आणि त्याला खर्च शून्य.

काही बंधनं क्लबच्या हातात नसतात. लाइम रॉकवर शेजाऱ्यांनी कोर्टात धाव घेतल्यामुळे १९५९पासून रविवारी शर्यती बंद आहेत, म्हणून तिथले क्लबचे दिवस बरेचदा कामाच्या वारी येतात. त्या खर्चात तुमची एक रजाही धरा. कॅलिफोर्नियातल्या लगुना सेकावर आवाजाची मर्यादा कडक आहे. ती ओलांडली की काळा झेंडा दिसतो आणि उरलेलं सत्र पॅडॉकमध्ये जातं. सायलेन्सर बदललेल्या गाडीवाल्यांनी त्या दिवसाची डेसिबलची मर्यादा आधी विचारावी. तिथे जाऊन वाद घालून उपयोग नाही, मापक यंत्र कोणाचं ऐकत नाही.

फीपलीकडचा खर्च फीपेक्षा मोठा असतो. साध्या मोटार विम्यात ट्रॅकवरचं नुकसान बहुतेक वेळा वगळलेलं असतं. वेगळा ट्रॅक विमा पन्नास हजार डॉलरच्या गाडीला एका वीकेंडसाठी दोन-तीनशे डॉलरला पडतो, आणि नुकसानीचा पहिला काही टक्के भाग तरीही तुमच्याच खिशातून जातो. अर्जातलं बारीक अक्षर वाचा; कठडा वाकला तर त्याचं बिल चालकाला लावणारे ट्रॅक आहेत. हेल्मेटवर स्नेल संस्थेचा 'एसए' शिक्का लागतो, मोटरसायकलचं 'एम' शिक्क्याचं बरेच क्लब चालवून घेत नाहीत. हा दर्जा पाच वर्षांनी नवा येतो आणि क्लब साधारणपणे शेवटचे दोनच मानतात, म्हणून सवलतीत मिळणारं जुनं हेल्मेट घेऊ नका. बरं हेल्मेट तीनशे डॉलरपासून पुढे. ब्रेकचं तेल उष्णता सोसणारं घालून घ्यायला शंभर ते दोनशे. चांगले ब्रेक पॅड पुढच्या दोन चाकांना दोनशे ते चारशे. पेट्रोल दिवसाला एक टाकी धरा. मोटेल, जेवण आणि टायरची झीज मिळवली, की सहाशे डॉलरचा वीकेंड हजार-बाराशेच्या पुढे सहज जातो. म्हणूनच एक बुडालेलं सत्र एवढं जिव्हारी लागतं.

परताव्याची अपेक्षा ठेवू नका. कार्यक्रम 'पाऊस असो वा ऊन' या अटीवर असतात, आणि बहुतेक क्लब ठरावीक तारखेनंतर पैसे परत करत नाहीत. फार तर पुढच्या दिवसासाठी सवलत देतात किंवा प्रतीक्षायादीतला कोणी तुमच्या जागी आला तर रक्कम वळती करतात. ती तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

महाराष्ट्रातल्या वाचकांचं गणित वेगळं आहे. चेन्नईजवळचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक, कोइमतूरचा कारी आणि ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट, ही तिन्ही ओळखीची नावं राज्याबाहेरची. पुण्याहून गाडी चालवत न्यायची की ट्रेलरवर, हाच खर्च फीच्या वर जाऊ शकतो. त्यामुळे मिनिटांची चौकशी त्यांनी तर दुप्पट काटेकोरपणे करावी.

पैसे भरण्यापूर्वी नोंदणी सांभाळणाऱ्याला एक छोटी ईमेल पाठवा. माझ्या गटाला किती सत्रं, किती मिनिटांची? गटात जास्तीत जास्त किती गाड्या? वेळ बुडाली तर ती कोणाच्या वाट्याची? गट एकत्र केले जातात का, आणि केले तर नवशिके कुठे जातात? चांगला क्लब दोन दिवसांत स्पष्ट उत्तर देतो. गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरा क्लब शोधा. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावर तरी पर्यायांची वाण नाही.

आणि त्या दिवशी खरंच अन्याय झाला, तर ग्रिडवर झेंडा धरून उन्हात उभ्या असलेल्या माणसाशी भांडू नका. तो स्वयंसेवक आहे, वेळापत्रक त्याने केलेलं नाही. मुख्य इन्स्ट्रक्टरला किंवा ट्रॅक प्रमुखाला जेवणाच्या सुटीत गाठा, कारण दुपारची सत्रं तेव्हा अजून हलवता येतात. चार वाजता केलेल्या तक्रारीला फक्त सहानुभूती मिळते. पुढच्या वर्षीच्या तारखा आणि गट बहुतेक शाखा हिवाळ्यात ठरवतात, आणि त्या बैठकीला सभासद फार थोडे येतात. तुम्ही जा, आणि चौदा सत्रं चार गटांत कशी वाटणार, ते तिथे विचारा.