आधी राउटर, मग डोंगल

आदिलाबाद शहरात आणि जैनथ, बेला भागातल्या मराठी गावांत मी कॉम्प्युटर-नेटची कामं करतो. वायफायच्या डोंगलने जे शिकवलं, ते नव्याने या कामात येणाऱ्या पोरांसाठी लिहून ठेवतोय.

१. डोंगलमध्ये चॅनल शोधत बसू नका. चॅनल राउटर ठरवतो, डोंगल त्याच्या मागे जातो. प्रॉपर्टीजमध्ये दिसणारा 'अॅड-हॉक चॅनल' फक्त राउटरशिवाय दोन कॉम्प्युटर थेट जोडताना कामाचा. हे ठाऊक नव्हतं तेव्हा ऐन हंगामात एका जिनिंगच्या ऑफिसात मी अख्खी दुपार तो आकडा बदलत होतो. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत काट्याच्या पावत्या अडकलेल्या. त्या शेतकऱ्यांचे चेहरे अजून आठवतात.

२. फोनला नेटवर्क दिसतं आणि डोंगलला दिसत नाही, तर राउटरचा चॅनल बघा. २.४ गिगाहर्ट्झवर आपल्याकडे १ ते १३ चॅनल चालतात, अमेरिकेत साधारण ११ पर्यंतच. तिकडच्या हिशोबाने बनलेला डोंगल १२ आणि १३ शोधतच नाही. बेल्यातले एक दुकानदार म्हणायचे, "लाइन जाऊन आली का हा आंधळा होते, भाऊ." अगदी बरोबर बोलत होते. राउटर 'ऑटो'वर होता. पुन्हा चालू झाला की मोकळी जागा शोधत कधीकधी १३ वर जाऊन बसायचा. १ वर कायम केला, तक्रार मिटली.

३. निवड १, ६, ११ यांतूनच करा. चॅनल ५-५ मेगाहर्ट्झवर आखलेत, पण सिग्नल सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. ३ वर ठेवलात तर १ आणि ६, दोघांचाही गोंगाट तुमच्याच वाट्याला. पत्र्याच्या शेडमध्ये मात्र चॅनल बदलून फरक पडत नाही. राउटरच आत आणावा लागतो.

४. जुना डोंगल चालावा म्हणून सगळ्या ऑफिसचं नेट डब्ल्यूईपीवर ठेवू नका. १९९७ चं ते कुलूप. २००१ मध्येच त्यातली खोट जाहीर झाली आणि आज ते काही मिनिटांत उघडतं. डोंगल नवा घ्या. डब्ल्यूपीए-२ निवडा, सोबत एईएस. एईएसऐवजी जुनं टीकेआयपी ठेवलं तर वेग ५४ मेगाबिटच्या वर जात नाही. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, पण दुकानाच्या पाटीवरचा मोबाइल नंबर टाकू नका.

"शेजारी आपलेच, पासवर्ड कशाला?" एका आडत दुकानातल्या काकांनी विचारलं. मी त्यांना सानपाड्याची गोष्ट सांगितली. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांआधी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस आधी त्या घरात राहणाऱ्या भाडेकरूच्या दारात पोचले. काका काही बोलले नाहीत. चष्मा पुसला, कीबोर्ड जवळ ओढला, एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द एका बोटाने इंग्रजी अक्षरांत टाइप केले. ते होईपर्यंत मी रस्त्याकडे तोंड करून उभा होतो.