एजंटच्या हाती एमटीआर देताना

वाटेतल्या प्रत्येक हॉपचा, म्हणजे टप्प्याचा, पॅकेट लॉस दाखवणाऱ्या एमटीआरच्या अहवालात चौथ्या हॉपसमोर ८० टक्के लॉस आणि पाचव्यापासून शेवटपर्यंत शून्य. नेटवर्कमध्ये मुरलेल्या माणसाला यात तक्रारीचं काही दिसत नाही. मधल्या रूटरचं खरं काम पॅकेट पुढे धाडण्याचं. टीटीएल संपलेल्या पॅकेटला उत्तर देणं त्याच्या लेखी दुय्यम, आणि अशा उत्तरांवर अनेक ठिकाणी मुद्दाम मर्यादा घातलेली असते. खऱ्या अर्थाने पॅकेट गळत असतील, तर लॉस तिथून पुढे शेवटच्या हॉपपर्यंत दिसत राहतो.

आमच्याकडच्या एआय एजंटने मात्र हाच अहवाल वाचून ‘चौथ्या हॉपवर लिंक खराब’ असं ठणकावून लिहिलं. रात्रपाळीच्या मुलाने त्यावर भरवसा ठेवून सगळं ट्रॅफिक बॅकअप लिंकवर वळवलं. ती लिंक लहान. आधी एकच ॲप्लिकेशन अडत होतं, आता सगळ्या शाखा रखडल्या. मूळ दुखणं डीएनएसचं होतं, ते सकाळी सापडलं.

एजंटला दिलेला दस्तऐवज मी मग ओळीने वाचून काढला. कमांड होती, पर्याय होते, प्रत्येक रकान्याची व्याख्या होती आणि ती अचूक होती. पण त्या रकान्यातल्या आकड्यावरून काय सिद्ध होत नाही, हे कुठेच नव्हतं. ते आपण सगळे वरिष्ठांच्या शेजारी बसून शिकलो, म्हणून लिहून ठेवावं असं कुणाला वाटत नाही. एजंट कुणाच्या शेजारी बसलेला नसतो. समोर लिहिलेलं नसेल तिथे तो अंदाज भरतो आणि तो अंदाजही त्याच ठाम सुरात सांगतो.

म्हणून अशी साधनं एजंटला जोडून देणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की आकड्याचा अर्थ लिहाल तिथेच त्याची हद्दही लिहा. मधल्या हॉपच्या लॉसवरून निष्कर्ष काढू नये. आधी शेवटचा हॉप बघावा. शंका असेल तर समोरच्या टोकाकडूनही एमटीआर मागावा, कारण परतीची वाट वेगळी असू शकते. एवढी तीन वाक्यं त्या दस्तऐवजात असती तर शाखांचं कामकाज त्या रात्री सुरळीत राहिलं असतं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. एमटीआर नुसतं चालवलं की पडदाभर हलता तक्ता उघडतो आणि कुणी बंद करेपर्यंत चालूच राहतो. लिनक्सवरचं पिंगही ‘मायनस सी’ने संख्या दिल्याशिवाय थांबत नाही. माणूस कंट्रोल-सी दाबून मोकळा होतो, एजंट तिथेच ताटकळतो. तेव्हा रिपोर्ट मोड आणि पॅकेटची संख्या कमांडमध्येच बांधून द्या. जमेल तिथे आउटपुट जेसनमध्ये घ्या.

कमांड कोणत्या सिस्टीमची, हेही स्पष्ट हवं. विंडोजच्या पिंगमध्ये ‘मायनस एन’ म्हणजे किती वेळा, लिनक्समध्ये तेच म्हणजे नावं न शोधता आकडी पत्ते दाखव. ‘मायनस कॅपिटल डब्ल्यू’ला लिनक्स सेकंद समजतं, मॅक मिलिसेकंद. लिनक्सचं २ जसंच्या तसं मॅकवर गेलं, तर धडधाकट सर्व्हरही मेलेला दिसू शकतो. डीएनएसला नाव विचारणाऱ्या डिगचा एक्झिट कोड शून्य आला म्हणजे नाव सापडलं, असंही नाही. ‘असं नावच नाही’ हे उत्तर मिळालं तरी तो शून्यच देतो.

उदाहरणं एजंट हुबेहूब उचलतो, म्हणून त्यांत कुणाचा खरा पत्ता नको. १९२.०.२ ने सुरू होणारे पत्ते खास दस्तऐवजांसाठीच राखून ठेवलेले आहेत, ते वापरा. मात्र तिथून उत्तर येणार नाही आणि ते बिघाडाचं लक्षण नव्हे, हेही शेजारीच लिहा.

सगळ्यांत दुर्लक्षित धोका हॉपच्या नावांत आहे. ती नावं रिव्हर्स डीएनएसमधून येतात आणि त्या पत्त्यांचा मालक तिथे हवं ते लिहू शकतो. २०१३ साली एका नेटवर्क अभियंत्याने ट्रेसराउटच्या हॉपनावांत ‘स्टार वॉर्स’च्या सुरुवातीचा सरकता मजकूर उमटवला होता. तेव्हा लोकांनी कौतुकाने पाहिलं. आज त्याच जागी कुणी एजंटला उद्देशून सूचना लिहू शकतो. आउटपुटमधला मजकूर ही फक्त माहिती आहे, आज्ञा नव्हे, हे बजावून लिहा. नावांची गरज नसेल तर ती बंदच ठेवा.

दस्तऐवज झाला की जुन्या, निकालात निघालेल्या तक्रारींचे अहवाल एजंटपुढे ठेवा आणि बिघाड कुठे आहे ते विचारा. तो जिथे ठामपणे चुकेल तिथे एक ओळ वाढवा. आणि लिंक बदलण्याचा निर्णय, कितीही घाई असली तरी, अहवाल स्वतः वाचू शकणाऱ्या माणसाकडेच ठेवा.