मुक्या जिवाची अमानत : प्रवासाला निघण्यापूर्वी

हजला किंवा उमराहला निघणारा मनुष्य निघण्यापूर्वी काही गोष्टी आवर्जून करतो. ज्यांचे देणे आहे त्यांचे देणे फेडतो, कोणाच्या अमानती जवळ असतील तर त्या परत करतो, मागे राहणाऱ्यांच्या खर्चाची तरतूद करतो. नातलग, शेजारी आणि जुने सोबती यांच्या दारी जाऊन ‘कहा-सुना माफ करा’ अशी विनंती करतो. अल्लाहच्या घरी जाताना त्याच्या बंद्यांचे थकलेले हक्क खांद्यावर घेऊन जाऊ नयेत, ही त्यामागील जाणीव आहे आणि ती योग्यच आहे.

मात्र या यादीतून एक नाव बहुधा राहून जाते. बुलढाणा जिल्ह्यातील शहरांतच नव्हे, तर लहान गावांतही आता मुलांच्या हट्टाखातर घरात हॅमस्टर, ससा, रंगीत पक्षी किंवा काचेच्या पेटीतील मासे आलेले दिसतात. मे महिन्यात शाळांना सुटी लागते, लग्नसराई असते. अलीकडच्या वर्षांत हजचे दिवसही मे-जूनमध्येच येत आहेत. घराला कुलूप लागते आणि पिंजऱ्याचा विचार सामान बांधून झाल्यावर होतो. “चार दिवसांचे दाणे टाकून ठेवू, काही होत नाही,” असे कोणीतरी म्हणते आणि विषय संपतो. शरीअतच्या दृष्टीने तो तेथे संपतो का, हे या पाठात पाहावयाचे आहे.

हदीसचा आशय

आदरणीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या निवेदनातून एक प्रसिद्ध हदीस आपल्यापर्यंत पोहोचली आहे (बुखारी, मुस्लिम). तिचा आशय असा की, एका स्त्रीला मांजरीमुळे शिक्षा झाली. तिने मांजर कोंडून ठेवली आणि ती तशीच मेली. कोंडल्यावर त्या स्त्रीने तिला खाऊ-पिऊ घातले नाही, आणि जमिनीवरील किडे-कीटक खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही.

ही हदीस आपण अनेकदा ऐकली आहे. परंतु तिच्यातील दोन अंगांकडे लक्ष द्यावे. त्या स्त्रीने मांजरीला मारले, जाळले किंवा जखमी केले असा उल्लेख येथे नाही. अपराध कोंडण्याचा आणि कोंडून विसरण्याचा आहे. दुसरे असे की, तिच्यापुढे दोन मार्ग खुले होते : अन्नपाणी देणे किंवा मोकळे सोडणे. तिने दोन्ही बंद केले. मोकळ्या जिवाला अल्लाहने पाय, पंख, दात आणि शोध घेण्याची बुद्धी दिली आहे, त्यांच्या आधारे तो आपली रोजी मिळवितो. प्रत्येक सजीवाची रोजी अल्लाहच्या जिम्मे आहे, असे सूरह हूदमध्ये (११:६) सांगितले आहे. ज्या क्षणी आपण पिंजऱ्याचे दार लावतो, त्या क्षणी त्या जिवाची ही सारी साधने निरुपयोगी होतात आणि ती रोजी पोहोचविण्याचे काम अल्लाहने आपल्या हातून व्हावे असे ठरते. दार आपण लावले, म्हणून उत्तरही आपल्यालाच द्यावे लागेल.

हॅमस्टरला सोडून देण्याचा मार्ग नाही

हॅमस्टरच्या बाबतीत ही जबाबदारी अधिक गंभीर आहे. हा प्राणी आपल्या भूमीचा नाही. घरोघरी पाळला जाणारा सोनेरी हॅमस्टर मूळचा शाम देशाचा, म्हणजे सीरियाचा. १९३० मध्ये हलब शहराजवळच्या शेतातील बिळातून एक मादी आणि तिची पिल्ले पकडण्यात आली. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या सोनेरी हॅमस्टरांचा वंश बहुतांश त्या एकाच बिळापर्यंत जातो. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला हा जीव शत्रू ओळखत नाही. गावाला जाण्याची अडचण म्हणून त्याला परसात, शेताच्या बांधावर किंवा ज्ञानगंगा अभयारण्याच्या रस्त्याला बोथा घाटात सोडून देणे म्हणजे त्याला मांजर, साप, घुबड किंवा उन्हाच्या हवाली करणे होय. हदीसमधील मांजरीसाठी दुसरा मार्ग खुला होता. हॅमस्टरसाठी तो नाही. त्याला सांभाळावे किंवा सांभाळू शकणाऱ्या माणसाच्या हाती कायमचे द्यावे, एवढेच उरते.

हॅमस्टर घरी आणावा की नाही, याविषयी कोणाला शंका असल्यास त्याने आपल्या आलिमांना विचारावे. परंतु जो जीव आधीच घरात आहे, त्याला उपाशी ठेवता येत नाही. यात कोणाचाही मतभेद नाही. पाळीव जनावराचे पोट भरणे हे मालकावर अल्लाहसमोरचे कर्तव्य आहे, असे हनफी फिकहमध्ये स्पष्ट सांगितले आहे. न्यायाधीश त्यासाठी मालकावर सक्ती करू शकतो का, एवढाच मतभेदाचा मुद्दा आहे आणि इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी सक्तीच्या बाजूने मत दिले आहे. देशाचा कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या कलम ११ नुसार पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, तसेच योग्य कारणाशिवाय त्याला भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत टाकून देणे हा गुन्हा आहे.

काम सोपविता येते, जाब सोपविता येत नाही

प्रवास करू नये असे येथे कोणी म्हणत नाही. आपल्या मागे दुसऱ्याच्या हाती काम सोपविणे पूर्णपणे जायज आहे. मात्र सोपविल्यानंतर आपण मोकळे झालो, असे समजणे चूक आहे.

मुस्लिम शरीफमध्ये एक प्रसंग आला आहे. आदरणीय अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्याकडे त्यांचा कारभारी आला. त्यांनी त्याला विचारले की, गुलामांना त्यांचे अन्न दिले का? तो नाही म्हणाला. तेव्हा त्यांनी त्याला लगेच परत जाऊन देण्यास सांगितले आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण ऐकविली. तिचा आशय असा की, ज्यांचे पोट आपल्या हाती आहे त्यांचे अन्न अडवून ठेवणे, एवढे एकच पाप माणसाच्या नाशाला पुरेसे आहे. अबू दाऊदमधील निवेदनाचे शब्द आणखी व्यापक आहेत. ज्याला आपण खाऊ घालतो असा प्रत्येक जीव त्यांत येतो. कारभारी नेमलेला होता, तरीही मालकाने विचारले. आपण मक्केत असू, पुण्यात असू किंवा लग्नासाठी अकोल्यात असू, दिवसातून एकदा फोन करून “पाणी बदलले का?” एवढे विचारणे हा त्याच वागणुकीचा भाग आहे.

प्रवास इबादतचा आहे, म्हणून सूट मिळेल असेही समजू नये. आदरणीय अनस (रजि.) सांगतात की, सहाबा (रजि.) प्रवासात मुक्कामाला उतरले म्हणजे उंटांच्या पाठीवरील ओझे उतरविल्याखेरीज नफ्ल नमाजला उभे राहत नसत (अबू दाऊद). आधी थकलेल्या जनावराची पाठ मोकळी होई आणि मग नफ्ल इबादत सुरू होई. हा क्रम आपणही लक्षात ठेवावा.

निघण्यापूर्वीची तयारी

सातव्या हिजरी शतकातील विद्वान इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) यांनी जनावरांचे माणसावरील हक्क नोंदविले आहेत. जनावर म्हातारे किंवा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याचा खर्च करावा आणि त्याला इजा करणाऱ्या दुसऱ्या जनावरासोबत ठेवू नये, हे त्यांपैकी आहेत. ही दृष्टी ठेवून पुढील व्यवस्था करावी.

१) माणूस आधी ठरवावा. हॅमस्टरला एका दिवसापेक्षा अधिक काळ कोणी पाहिल्याशिवाय ठेवू नये. शेजारी, मामा-मावशी किंवा मुलाचा विश्वासू मित्र यांपैकी जो रोज येऊ शकेल, त्यालाच विचारावे. शेजारी कोणत्या धर्माचा आहे हे येथे पाहू नये. अमानत सांभाळणारा आहे का, हे पाहावे. त्याला अचानक अडचण आल्यास कोण येईल, ते दुसरे नावही ठरवून ठेवावे.

२) उन्हाचा विचार करावा. घाटावर, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर या भागात, उन्हाळा तुलनेने सौम्य असतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद येथे पारा ४० अंशांच्या वर जातो. हॅमस्टरला १८ ते २४ अंशांचे तापमान मानवते आणि ३० अंशांच्या पुढे त्याच्या जिवाला धोका वाढत जातो. पत्र्याच्या छताखालील बंद घरात तो दुपार काढू शकणार नाही. म्हणून घाटाखालच्या कुटुंबाने पिंजरा घरात ठेवून कुलूप लावण्याऐवजी माणसे राहत असलेल्या, कूलर चालणाऱ्या घरी नेऊन ठेवावा. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नसावा. वीज गेल्यास आडोशाला मातीचे थंड खापर ठेवता येते. नेताना पहाटेची वेळ निवडावी.

३) पाणी कसे पाहावे ते समजावून सांगावे. पिंजऱ्याच्या बाटलीतील नळीच्या टोकाची गोळी कधी कधी अडकते. बाटली भरलेली दिसते, परंतु जीव तहानलेला राहतो. म्हणून रोज बोट लावून थेंब येतो का ते पाहावे, पाणी बदलावे आणि शक्य असल्यास दुसरी बाटलीही लावावी.

४) अन्न मोजून द्यावे. सोनेरी हॅमस्टरला दिवसाला साधारण दोन चमचे कोरडे मिश्र धान्य पुरते. रोजच्या पुड्या बांधून द्याव्यात. तो दाणे गालांच्या पिशव्यांत भरून कोपऱ्यात साठवितो. त्यामुळे वाटी रिकामी दिसली म्हणजे त्याने खाल्लेच असे नाही. काकडी किंवा गाजराचा लहान तुकडा चालतो. कांदा, लसूण, लिंबूवर्गीय फळे, चॉकलेट आणि आपल्या ताटातील तिखट-तेलकट पदार्थ देऊ नयेत.

५) सोबत म्हणून दुसरा प्राणी ठेवू नये. सोनेरी हॅमस्टर एकटा राहणारा आहे. दोन प्रौढ एकत्र ठेवले तर ते एकमेकांना जीव जाईपर्यंत जखमी करतात. ज्या घरी मांजर आहे, तेथे पिंजरा बंद खोलीत आणि उंचावर ठेवावा.

६) तो दिवसा झोपतो. मुलांनी त्याला उठवून खेळवू नये, असे निक्षून सांगावे. हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत आणि नमाजच्या जागेपासून पिंजरा दूर ठेवावा.

७) आजाराची चिन्हे सांगून ठेवावीत. शेपटीखालचा भाग ओला होणे, सुस्त पडून राहणे, धाप लागणे ही चिन्हे दिसल्यास त्याच दिवशी उपचार हवेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बहुतेक गाई-म्हशी आणि शेळ्या येतात; म्हणून इतक्या लहान प्राण्यावर उपचार कोण करतील, हे निघण्यापूर्वीच विचारून त्यांचा क्रमांक लिहून द्यावा.

अमानत देणारा आणि घेणारा

सूरह निसामध्ये (४:५८) अल्लाहने अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचविण्याचा आदेश दिला आहे. ज्याने पिंजरा स्वीकारला, त्याच्याकडे ही एक अमानत आहे. त्याने ती आठवण झाली तर पाहू, अशा रीतीने सांभाळू नये. शक्य नसेल तर सुरुवातीलाच नम्रपणे नकार देणे उत्तम. संकोचाने हो म्हणून नंतर विसरण्यात सर्वांचेच नुकसान आहे.

अमानत देणाऱ्यानेही आपल्या मर्यादा ओळखाव्यात. दाणे, भुसा व औषधाचा खर्च मालकाचा आहे. तो आगाऊ द्यावा. कष्टकरी शेजाऱ्याच्या मुलाकडून रोज काम घ्यावयाचे असेल तर मोबदला आधी ठरवावा आणि परतताच द्यावा. हॅमस्टरचे आयुष्य मुळातच दोन-तीन वर्षांचे असते. सर्व काळजी घेऊनही तो मरण पावला, तर सांभाळणाऱ्यावर भरपाई येत नाही. हयगय केल्याशिवाय अमानतदार जबाबदार ठरत नाही, हा फिकहचा नियम आहे. ही गोष्ट निघण्यापूर्वी मुलांसमोरच बोलून ठेवावी. एका लहान जिवाच्या मृत्यूवरून दोन घरांचे बोलणे बंद व्हावे, हे अल्लाहला कसे आवडेल?

परत आल्यावर

आदरणीय अनस (रजि.) यांचा लहान भाऊ अबू उमैर याच्याकडे एक छोटा पक्षी होता. प्रेषित (स.) घरी आले म्हणजे त्या बालकाशी त्याच्या पक्ष्याविषयी बोलत आणि पक्षी मेल्यावर दुःखी झालेल्या त्या बालकाची त्यांनी प्रेमाने विचारपूस केली. उम्मतची जबाबदारी खांद्यावर असलेल्या प्रेषितांना (स.) एका मुलाच्या पक्ष्यासाठी वेळ होता. आपणही परतल्यावर, पाहुण्यांना जमजम आणि खजूर देण्यापूर्वी, मुलासह पिंजऱ्यापाशी जावे, पाणी पाहावे आणि सांभाळणाऱ्याचे आभार मानावेत. मुलाच्या मनावर हा पाठ कायमचा कोरला जाईल.

एका उंटाने प्रेषितांपाशी (स.) आपल्या मालकाची तक्रार केली होती की, तो उपाशी ठेवतो आणि थकवितो (अबू दाऊद). आपल्यासाठी ते मुके आहेत, त्यांच्या निर्मात्यासाठी नाहीत. माणसांकडून आपण ‘कहा-सुना माफ’ मागून घेतो, पिंजऱ्यातील जिवाकडून ते मागता येत नाही. त्याचा हक्क फक्त वेळेवर देता येतो.

घरातील सर्वांनी मिळून विचार करावा

१) आपल्या घरात असा कोणता जीव आहे, ज्याची रोजी पूर्णपणे आपल्या हातून जाते?
२) पुढील प्रवासात त्याला रोज कोण पाहील आणि त्याला अडचण आल्यास दुसरे कोण?
३) शेजाऱ्याने आपल्याकडे असा पिंजरा सोपविला, तर आपण तो कसा सांभाळू?

अल्लाह आपल्याला सोपविलेल्या प्रत्येक अमानतीचा हक्क अदा करण्याची तौफीक देवो, आणि ज्यांना स्वतःचे म्हणणे मांडता येत नाही त्यांच्याविषयी आपली अंतःकरणे कोमल करो. आमीन.