पाऊस नाही म्हणजे पाणी सुरक्षित, असं नव्हे

अहिल्यानगर जिल्ह्यात पाण्यावरच्या भटकंतीला जागा भरपूर आहेत. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचा जलाशय आहे, राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरच्या मुळा धरणाचा फुगवटा आहे. नेवासे आणि शेवगाव तालुक्यांच्या कडेने जायकवाडीचा नाथसागर पसरला आहे, आणि दक्षिणेला कर्जत तालुक्यापर्यंत उजनीचं पाणी येतं. शनिवार-रविवारी कयाक किंवा होडीच्या ओढीने इथे येणारे निघण्याआधी बहुधा एकच चौकशी करतात: पाऊस आहे का? या जिल्ह्यात ही चौकशी अपुरी आहे. इथल्या पाण्याचा स्वभाव दोन गोष्टी ठरवतात. एक वारा, जो ऋतू आणि घड्याळ पाहून चालतो. दुसरी धरणं, जी सिंचनाचं वेळापत्रक पाहून उघडतात. डोक्यावरच्या आकाशात या दोन्हींपैकी काहीच नीट दिसत नाही. म्हणून रोज पाण्यात उतरण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हातात हवीत: दुपारपर्यंत वारा किती वाढणार, आणि वरच्या धरणातून किती पाणी सुटलं आहे?

मे २०२४ मधल्या दोन दुर्घटनांनी या प्रश्नांचं मोल दाखवून दिलं. २१ मे रोजी संध्याकाळी उजनीच्या फुगवट्यात करमाळा तालुक्यातलं कुगाव आणि इंदापूर तालुक्यातलं कळाशी यांच्यामधली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणाचा शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. पहिल्या ठिकाणी पाणी संथ होतं, घात वाऱ्याने केला. दुसऱ्या ठिकाणी प्रवाहाने प्रशिक्षित माणसांची बोटही उलटवली. दोन्ही घटना पावसाळा सुरू होण्याआधीच्या आहेत, हे विशेष लक्षात घ्यायला हवं.

ऐन वैशाखात प्रवरेला एवढं पाणी कुठून येतं, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या योजनेत आहे. १९२६ साली पूर्ण झालेलं प्रवरेवरचं भंडारदरा धरण खालच्या शेतीसाठी बांधलं गेलं. पण प्रवरेचे जुने डावे-उजवे कालवे धरणापाशी सुरू होत नाहीत, ते संगमनेरच्या खाली ओझरच्या बंधाऱ्यापासून निघतात. म्हणजे तिथवर पाणी नदीच्या पात्रातूनच न्यावं लागतं. मध्ये निळवंडे धरण झालं, तरी नदीचं हे काम सुटलं नाही. रब्बीचं किंवा उन्हाळी आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी ठरवून सोडलेलं पाणी, सुटलं की काल गुडघाभर पाणी असलेल्या पात्रात आज भरधाव प्रवाह असू शकतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. तेव्हा ‘१,००० क्युसेक विसर्ग’ असं वाचलं की दर सेकंदाला २८ टन पाणी पुढे सरकतंय असं समजावं. त्यात प्रवरा आणि मुळेवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी पायथ्याशी उलटं फिरतं आणि तिथे सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे खेचतं. लाइफ जॅकेट घातलेला माणूसही त्यातून सहज सुटत नाही. दिवाळीनंतरचे दिवसही निर्धास्त नसतात. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर समन्यायी पाणीवाटपाच्या सूत्रानुसार वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची वेळ येते. २०२३च्या नोव्हेंबरअखेर ते मुळा आणि निळवंड्यातून सोडलं गेलं. माझा निष्कर्ष स्पष्ट आहे: वल्हं मारायला जायचं ते धरणाच्या वरच्या बाजूच्या जलाशयात, धरणाखालच्या पात्रात नाही. खालच्या काठावर नुसता मुक्काम करायचा असला, तरी जलसंपदा विभागाचे विसर्गाचे आकडे पाहावेत आणि गावात ‘आवर्तन सुरू आहे का, कधी सुटणार आहे’ हे विचारून घ्यावं.

जलाशयात प्रवाहाची भीती कमी होते, पण वाऱ्याची वाढते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी १० किलोमीटरचा वारा २० झाला की दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. शिवाय मोकळ्या पाण्यावरून वारा जितका लांब धावतो, तितक्या लाटा मोठ्या होतात. नाथसागर रुंद आणि उथळ असल्यामुळे तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात, आणि छोट्या होडीला त्याच जास्त छळतात. भंडारदऱ्याची गोष्ट वेगळी आहे. उत्तरेला कळसूबाईची रांग, दक्षिणेला रतनगड आणि पश्चिमेला घाटघरची कोकणाकडे उघडणारी कड, अशा रचनेत पश्चिमेचा वारा खोऱ्यात दाटतो आणि शेंडीजवळच्या भिंतीच्या दिशेने जोर धरतो. अशा वाऱ्याची शक्यता असेल तेव्हा जातानाच वाऱ्याला तोंड द्यावं, म्हणजे दमल्यावर तो पाठीशी राहतो. उलट क्रम धोक्याचा आहे, कारण पाठीशी असलेला वारा जाणवत नाही. तो कळतो तो परत वळल्यावर. पाण्यावर जागोजागी पांढरा फेस फुटू लागला की वारा साधारण ताशी १५ ते २० किलोमीटरवर पोचला असं धरावं. नवख्यांनी तेवढ्यावर काठ गाठावा.

महिन्यांचा हिशेब असा. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत वारा बहुधा सौम्य असतो. भंडारदऱ्याला धुकं असेल तर ते विरेपर्यंत मात्र थांबावं. मार्चपासून फक्त सकाळ आपली. जमीन तापू लागली की अकरानंतर वाऱ्याचे झोत सुरू होतात आणि दुपारनंतर पश्चिमेचा वारा वाढतो, म्हणून साडेदहा-अकरापर्यंत काठावर परतलेलं बरं. एप्रिल-मेमध्ये वळवाची भर पडते. वळवाचा ढग फुटण्याआधीच त्याच्या पोटातली थंड हवा खाली कोसळून सुसाट सुटते. उकाडा, मग स्तब्धता आणि अचानक गार झुळूक, हा क्रम जाणवला किंवा गडगडाट ऐकू आला, तर लगेच काठाकडे वळावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात जाऊ नये. त्या महिन्यांत जलाशय उतरलेला असतो आणि काठाच्या गाळात पाय रुततो, तेव्हा उतरायची जागा आधीच पाहून ठेवावी. जून ते सप्टेंबर होडी नकोच. पारनेरच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. आषाढातला वारा पठारावर किती जोराचा असतो, याची ती साक्ष आहे. त्याच दिवसांत घाटघर-रतनवाडीला धो धो पाऊस असतो आणि नेवाशात ऊन असतानाही नदी फुगू शकते.

यावर काही आक्षेप येतील. स्थानिक मच्छीमार तर वाऱ्यातही जातात, हा पहिला. ते जातात, पण त्यांना आडोशाच्या खाचा, बुडालेली झाडं आणि वाऱ्याची चाहूल पाठ असते, आणि पोटासाठी पत्करलेली जोखीम सहलीसाठी पत्करण्याचं कारण नाही. त्यांचं अनुकरण करण्यापेक्षा त्यांना विचारावं, आणि नावाडी ‘आज नको’ म्हणाला तर पैसे वाढवून त्याचं मन वळवू नये. दुसरा आक्षेप, अंदाज चुकतात. डोंगराळ भागात नेमक्या तासाचा अंदाज चुकतो हे खरं. म्हणूनच हवामान खात्याचा इशारा आदल्या रात्री पाहावा, अल्पकालीन इशारा सकाळी पाहावा, आणि पाण्यावर डोळे उघडे ठेवावेत. अंदाज चुकण्याच्या शक्यतेमुळे सावधगिरी वाढायला हवी, कमी नव्हे. तिसरा, आम्हाला पोहता येतं. पोहणं विहिरीत आणि तलावात कामी येतं. लाटांनी तोंडावर पाणी मारलं की दम लवकर संपतो. लाइफ जॅकेट अंगावर आणि पट्टे आवळलेलंच हवं, होडीत ठेवलेलं नको.

राहिला शेवटचा आक्षेप: इतके नियम पाळले तर मजा कुठे उरली? याचं उत्तर या जिल्ह्याच्या भूगोलातच आहे: पाण्यात उतरता आलं नाही, तरी जवळच दुसरं काही करता येतं. गटाच्या म्होरक्याने आदल्या संध्याकाळी तीन गोष्टी सगळ्यांसमोर ठरवाव्यात: किती वाऱ्याला थांबायचं, किती वाजता परतायचं आणि काठावरच्या कोणाला हे सांगून जायचं. त्यातली पहिली मर्यादा सकाळीच ओलांडली गेली, तर बेत मोडत नाही, बदलतो. भंडारदऱ्यातून रस्त्याने रतनवाडीला जाऊन अमृतेश्वराचं मंदिर पाहता येतं, हवा साथ देत असेल तर रतनगड किंवा १,६४६ मीटरचं कळसूबाई चढता येतं. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरातला आहे आणि नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा दोन्हीकडे वन विभागाचे नियम आधी विचारून घ्यावेत. पर्यायी बेत आधीच ठरलेला असला की ‘एवढं लांब आलोय, तर उतरूच’ हा हट्ट उरत नाही, आणि माणूस खराब वाऱ्यात पाण्यात उतरतो तो बहुतेक वेळा त्या हट्टापायीच.