मांजराच्या अंगावर काय लावू नये

पावसाळा लागला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या मांजरवाल्या घरांतून एकच विचारणा होते: “पिसवा झाल्यात, काय लावू?” बदलापुरात तळमजल्यावर राहून घरची आणि सोसायटीच्या पार्किंगमधली मांजरं सांभाळताना जे शिकले, ते क्रमाने सांगते. सार एवढंच, की पिसवांनी धडधाकट मांजर सहसा दगावत नाही; घाईत लावलेल्या चुकीच्या औषधाने मात्र एका रात्रीत दगावू शकतं.

१. आधी पिसवाच आहेत का, ते बघा.
उवांची बारीक फणी मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत फिरवा. फणीत आलेले काळे कण ओल्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग पडला नाही तर साधी धूळ. जिवंत पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा.

२. कुत्र्याचं औषध मांजराला कधीही नाही.
“थोडंसंच लावू, मांजर लहान आहे ना” हा हिशोब जीवघेणा आहे. कुत्र्यांच्या अनेक औषधांत पर्मेथ्रिन असतं. ते मोडून शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार तोकडी असते. लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात. तबेल्यात गुरांच्या गोचिडांसाठी वापरतात त्या सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आणि अमिट्राझ या औषधांनाही तोच नियम. नाव ‘थ्रिन’वर संपत असेल तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. घरात कुत्राही असेल, तर त्याचं औषध पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका.

३. ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्त राहू नका.
कापूर, निलगिरी तेल, टी ट्री तेल, कडुलिंबाचं तेल, लिंबाच्या सालीचं तेल, लसूण हे सगळे उपाय शेजारीपाजारी आपुलकीने सुचवतात. पण मांजर दिवसभर अंग चाटतं, त्यामुळे अंगावर लावलेलं सगळं पोटात जातं. फिनेलने पुसलेली ओली लादी, झुरळांचा खडू आणि डांबराच्या गोळ्या यांपासूनही मांजराला लांब ठेवा.

४. योग्य औषध, योग्य जागी.
मांजरांसाठी फिप्रोनिल, सेलामेक्टिन, इमिडाक्लोप्रिड अशी औषधं थेंबांच्या नळीत मिळतात. कोणतं आणि किती, हे मांजराचं वजन करून पशुवैद्याने ठरवावं. पैसे वाचवायला कुत्र्याची मोठी नळी चार मांजरांत वाटू नका. थेंब मानेच्या मागे, डोक्याच्या अगदी खाली, केस बाजूला करून कातडीवर सोडा. तिथे त्याची जीभ पोचत नाही. वाळेपर्यंत बाकीच्या मांजरांना त्याला चाटू देऊ नका. आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको.

५. पिल्लांची गोष्ट वेगळी.
आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला बाजारातलं औषध मनाने लावू नका. फणी फिरवणं सर्वांत सुरक्षित. फारच पिसवा असतील तर कोमट पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा, कारण एवढंसं पिल्लू पटकन गारठतं. हिरड्या गुलाबीऐवजी पांढुरक्या दिसल्या, तर पिसवांनी रक्त शोषल्याने पांडुरोग झाला असं समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मांजरीलाही डॉक्टरांना विचारूनच औषध.

६. खरा कारखाना घरात असतो.
मांजरावर दिसतात त्या मोठ्या पिसवा. मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते, आणि ती अंडी घरंगळून सोफ्याच्या फटीत, गादीखाली, गोणपाटात पडतात. आपल्याकडच्या दमट हवेत ती जोमाने वाढतात. उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यांतल्या चिंध्या आपण मांजरांखाली प्रेमाने अंथरतो; त्या दर आठवड्याला बदला. अंथरूण कडक गरम पाण्यात धुवा. पावसात कपडे वाळत नाहीत, तेव्हा दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा. व्हॅक्यूम क्लीनर नसेल तर सोफ्याखाली, पलंगाखाली रोज झाडा आणि केर लगेच घराबाहेर टाका.

७. तीन महिने नेट धरा.
औषध लावूनही पंधरा दिवसांनी पिसवा दिसल्या, म्हणून दुप्पट औषध लावू नका. कोशातली पिसू आठवडेच्या आठवडे, कधी कधी महिनेही तग धरते आणि पावलांचा हादरा किंवा शरीराची ऊब जाणवली की बाहेर येते. घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच वेळी, डॉक्टर सांगतील त्या अंतराने, निदान तीन महिने औषध द्या.

८. पोटातल्या जंतांचंही बघा.
चाटताना पिसू गिळली गेली तर तिच्यातून पट्टकृमी होऊ शकतो. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसले, तर जंताचं औषधही लागेल.

९. चुकीचं औषध लागलंच, तर थांबू नका.
नुकतंच लागलं असेल आणि मांजर शुद्धीत, शांत असेल, तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या द्रव साबणाने धुवा, कोरडं करून उबेत ठेवा आणि लगेच निघा. थरथर किंवा झटके सुरू झाले असतील तर धूत बसू नका. टॉवेलात गुंडाळून थेट डॉक्टरांकडे न्या. औषधाचं खोकं सोबत घ्या. जवळचा कोणता दवाखाना रात्री उघडा असतो, हे आजच विचारून ठेवा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून मुक्या प्राण्यांची सेवा करत आलं आहे, पण बदलापूर ते परळ हा लांबचा पल्ला आहे. झटके येणाऱ्या मांजराला आधी जवळच्या दवाखान्यातच न्या.

१०. भीतीपोटी मांजर सोडून देऊ नका.
पिसवा म्हटलं की जुन्या माणसांना प्लेग आठवतो. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांचे पूर्वज ज्या सिंधमधून आले, तिथल्याच कराचीत १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने उंदरांवरची पिसू प्लेग पसरवते हे दाखवून दिलं. मांजरावरची नेहमीची पिसू वेगळ्या जातीची असते. ती आपल्याला चावते, खाज येते. मांजराला हाताळल्यावर हात धुवावेत, ओरखडा साबणाने स्वच्छ करावा. पण मांजर बाजारात किंवा स्टेशनजवळ नेऊन सोडल्याने घर स्वच्छ होत नाही. कोशातल्या पिसवा घरातच राहतात, बाहेर आल्या की माणसांच्या पायांना चावतात. उलट औषध लावलेलं मांजर घरात वावरत राहिलं, की नव्याने निघालेल्या पिसवा त्याच्याच अंगावर उडी मारतात आणि तिथेच मरतात. घर पिसवांतून सोडवायचं असेल, तर मांजराला जवळ ठेवा.