शाळेच्या बागेतील भूमीचे आच्छादन : कोयनेल

मीरा-भाईंदर येथे २००२ साली महानगरपालिका झाली व गावांभोवती इमारतींची दाटी वाढली. तथापि राई, मुर्धे, उत्तन या गावांच्या परिसरात खाडी व खारफुटी अद्याप दृष्टीस पडते. खारफुटीच्या मागे, भरतीचे पाणी क्वचितच चढते अशा कडेला, कोयनेल अथवा वनजाई हे सदाहरित झुडूप आढळते. समोरासमोर येणारी चकचकीत पाने, पांढरी फुले व त्यांतून बाहेर डोकावणारे लांब जांभळट पुंकेसर, ही त्याची खूण होय. लिनिअसने १७५३ साली यास ‘व्होल्कामेरिया इनर्मिस’ असे नाव दिले. ‘इनर्मिस’ म्हणजे निःशस्त्र, अर्थात बिनकाटेरी.

कोयनेल आपणांस कुंपणासाठी परिचित आहे. परंतु त्याच्या फांद्या जमिनीस टेकतील तेथे मुळे धरतात. म्हणून जमीन झाकण्यासही ते उपयोगी पडते. किनाऱ्याजवळील उघड्या जमिनीचे दुहेरी नुकसान होते. पावसाळ्यात थेंबांच्या माऱ्याने माती सुटून वाहते. उन्हाळ्यात खालची ओल वर येऊन उडून जाते व मीठ पृष्ठभागी साचते. पानांच्या सावलीने व मुळांच्या जाळ्याने ही दोन्ही नुकसाने पुष्कळ कमी होतात.

लागवड : पावसाळ्याच्या आरंभी गावातील कुंपणावरून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या घ्याव्यात. उतारावर आडव्या ओळी आखून दीड-दीड फुटावर त्या लावाव्यात. फांद्या वाढू लागल्या की लववून लाकडी बेचक्याने जमिनीत दाबाव्यात. पुढे वेळोवेळी शेंडे छाटून झुडूप ठेंगणे राखावे. पाने कडू असल्याने गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. मुलांनी पाने वा फळे तोंडात घालू नयेत व छाटणीनंतर हात धुवावेत. दाट झुडपात सापकिरडू दडण्याचा संभव असतो, म्हणून वर्गाच्या दाराजवळ व खेळाच्या जागेत ही लागवड करू नये.

प्रयोग : आच्छादन दाट झाल्यावर सारख्याच उताराचे दोन लहान वाफे निवडावेत; एक उघडा, दुसरा कोयनेलने झाकलेला. दोहोंवर झारीने सारखेच पाणी सोडावे व खाली वाहून आलेले पाणी दोन काचेच्या बाटल्यांत भरावे. घटकाभराने तळाशी बसलेला गाळ मुलांकडून मोजवून घ्यावा. उत्तर शिक्षकांनी प्रथम सांगू नये. मुलांनीच ते बाटलीत पाहावे.

काड्यांसाठी मुलांना खारफुटीत मात्र नेऊ नये. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर खारफुटीच्या तोडीस मनाई केली आहे, हेही त्यांस समजावून द्यावे. वरची सुपीक माती तयार होण्यास शतके लागतात. शाळेच्या उतारावरून ती एका पावसात गटारात जाते. ती अडविण्याचे काम मुलांच्या हातून झाले, तर हा पाठ त्यांच्या कायम लक्षात राहील.