अनिशिनाबे लोकांची पवित्र औषधी

चैत्रांत जोतिबास दवणा वाहणाऱ्या आमच्या वाचकांस हें वाचून नवल वाटेल कीं, त्या दवण्याचीच एक सगोत्र वनस्पति उत्तर अमेरिकेंतील पंचमहासरोवरांच्या कांठीं राहणाऱ्या अनिशिनाबे लोकांत पवित्र मानिली जाते. ओजिब्वे, ओडावा व पोटावाटोमी हे लोक या नांवाखालीं येतात.

इंग्रजींत तिला ‘सेज’ म्हणतात, आणि घोटाळा येथेंच होतो. स्वयंपाकांतील सेज व कॅलिफोर्नियांतील पांढरा सेज हे तुळशीच्या कुळांतील. ही मात्र शेवंतीच्या कुळांतील आर्टेमिसिया लुडोव्हिसियाना होय. ओजिब्वे भाषेंत तिला मश्कोदेवश्क म्हणतात. मश्कोदे म्हणजे माळरान. पानांवर पांढरी लव असल्यामुळें झुडूप दुरून रुपेरी दिसतें.

तंबाखू, सीडर, गोडगवत व ही, अशा त्यांच्या चार पवित्र औषधी आहेत. त्या चार दिशांशीं जोडतात. सेज बहुधा पश्चिमेची, पण गांवोगांवीं क्रम बदलतो. वाळलेलीं पानें शिंपल्यांत धुमसत ठेवून तो धूर ओंजळीनें मस्तक, डोळे व हृदय यांवर घेतात. सभेपूर्वीं किंवा विधीपूर्वीं मनांतील मळ जावा, हा त्यांतील हेतु.

तोडणीची रीत आम्हांस विशेष वाटली. प्रथम चिमूटभर तंबाखू भूमीस अर्पण करावयाची, गरजेपुरतेंच घ्यावयाचें व मूळ उपटावयाचें नाहीं. ही वनस्पति जमिनींतील खोडांनीं पसरते, त्यामुळें मूळ राहिल्यास पुढील वर्षीं फूट येते. अनेक वृद्ध तिची विक्री निषिद्ध मानतात. उलट कॅलिफोर्नियांतील पांढरा सेज बाजारासाठीं रानांतून चोरून पोत्यांनीं नेला जातो. आमच्याकडील शतावरी व्यापाऱ्यांनीं कशी खणून नेली, तें बांधावर फिरणाऱ्यास सांगावें लागत नाहीं.

अमेरिकेच्या सरकारनें १८८३ सालच्या नियमांनीं या लोकांचे अनेक विधी व त्यांच्या वैद्यांचें आचरण गुन्हा ठरविलें. धर्माचरणास संरक्षण देणारा कायदा झाला तो १९७८ सालीं. आमची हयात दप्तरांत गेली, म्हणून आणखी एक गोष्ट लिहितों. १८३७ च्या तहांत ओजिब्वे लोकांनीं जमीन दिली, पण तींत शिकार, मासेमारी व रानभात वेंचणें यांचा हक्क राखला. तो कागद १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयांत ग्राह्य ठरला. एकशें बासष्ट वर्षें! जुना कागद टाकूं नये तो यासाठींच.

लागवड कठीण नाहीं. उन्हाची व निचऱ्याची हलकी जमीन पुरते. मुळांचे तुकडे लावले तरी येतात. पाणी सांचेल तेथें मात्र मूळ कुजतें.